बाळूंना रोखायला साताऱ्यात आठवडाभर रोलर फिरला
इंग्रजांचा काळ. पुण्याच्या हिंदूंशी सामना ठरला आणि साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने गवताची विकेट बनवून तिच्यावर आठवडाभर रोलर फिरवला. धास्ती एकाच माणसाची, डावखुरे फिरकीपटू बाळू पालवणकर (१८७६-१९५५). हे पूर्वी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिच रोल करायचे, साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकायचे.

तरीही त्यांनी सात गडी टिपले. सामना हिंदूंनी मारला. साताऱ्यात बाळूंची चक्क हत्तीवरून मिरवणूक निघाली.

आणि स्वतःच्या टीममध्ये? चर्मकार म्हणून चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट काढल्या, तरी हिंदूंचं कप्तानपद काही दिलं नाही. ते १९२३ मध्ये मिळालं, धाकट्या भावाला, विठ्ठलला.