लग्नाच्या चौदाव्या दिवशी समुद्रावर

१९ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम बंदरातून 'कॅरव्हान' नावाचे एक व्यापारी जहाज कलकत्त्याच्या दिशेने निघाले. या जहाजावर दोन नवपरिणीत जोडपी होती. एका जोडप्याच्या लग्नाला चौदा दिवस झाले होते, दुसऱ्याच्या लग्नाला अवघे दहा. पहिल्या जोडप्यातील वधू ॲन जडसन २२ वर्षांची होती, तर दुसऱ्यातील हॅरिएट न्यूएल केवळ १८ वर्षांची. आजच्या भाषेत ज्याला मधुचंद्र म्हणतात, त्याचा प्रारंभ या दोघींच्या आयुष्यात असा झाला. मात्र या प्रवासाला परतीची तारीख नव्हती. ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी अमेरिकेतून आशियाकडे निघालेल्या पहिल्या तुकडीत त्या होत्या आणि मायदेश पुन्हा दिसण्याची आशा कोणीही धरली नव्हती.

ॲनचा जन्म २२ डिसेंबर १७८९ रोजी ब्रॅडफर्ड या गावी झाला. वडील जॉन हॅसेल्टाइन गावातील प्रतिष्ठित गृहस्थ होते. घरात मोकळे, आनंदी वातावरण होते आणि लहानपणी ॲन हसण्याखेळण्यात रमणारी म्हणूनच ओळखली जाई. गावच्या ॲकॅडमीत शिकत असताना तिच्या मनाने धर्माकडे ओढ घेतली. पुढे तिने आसपासच्या गावांत शिक्षिकेचे काम केले.

१८१० च्या जूनमध्ये ब्रॅडफर्ड येथे धर्मगुरूंची परिषद भरली. परदेशी जाऊन धर्मप्रसार करण्याची परवानगी मागणारे काही तरुण विद्यार्थी तेथे आले होते. त्यांच्यात ॲडोनिराम जडसन हा बुद्धिमान आणि महत्त्वाकांक्षी तरुण होता. या परिषदेतूनच अमेरिकेतील पहिले परदेशी मिशन मंडळ जन्माला आले. याच दिवसांत हॅसेल्टाइन यांच्या घरी जेवणाच्या वेळी ॲडोनिरामने ॲनला प्रथम पाहिले, असे सांगितले जाते.

ॲनला मागणी घालताना त्याने तिच्या वडिलांना जे पत्र लिहिले, तसे पत्र क्वचितच एखाद्या वधूपित्याला आले असेल. कन्येचा निरोप घेतल्यावर या जगात तिची पुन्हा भेट होणार नाही, समुद्राचे धोके, उष्ण देशातील रोगराई, दारिद्र्य, अपमान, छळ आणि कदाचित अपमृत्यूही तिच्या वाट्याला येईल. हे सारे पत्करून आपण संमती द्याल काय, असा त्या पत्राचा आशय होता. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. ॲनने बराच काळ विचार केला आणि होकार दिला. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी लग्न झाले. दुसऱ्या दिवशी सेलमच्या चर्चमध्ये ॲडोनिराम आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली. दीक्षा फक्त पुरुषांसाठी होती. त्यांच्याइतकेच धोके पत्करून निघालेल्या पत्नींची ओळख केवळ सहचारिणी म्हणून राहिली.

चार महिन्यांचा तो सागरप्रवास वरवर पाहता सुखाचा होता. व्यायाम म्हणून ही जोडपी डेकवर दोरीवरच्या उड्या मारीत, नाचतही. पण याच काळात ॲडोनिरामच्या मनात एक प्रश्न घर करू लागला. तो काँग्रिगेशनल पंथाचा होता. या पंथात तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देत. कलकत्त्याजवळ सेरामपूरला ज्या विल्यम केरी यांची भेट घ्यायची होती, ते बॅप्टिस्ट होते. जाणत्या वयात श्रद्धा स्वीकारणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यावा, असे त्यांचे मत. केरी यांच्याशी वाद घालण्याची वेळ आली तर तयारी असावी, म्हणून ॲडोनिराम मूळ ग्रीक संहिता तपासू लागला आणि आपला पंथच चुकत असावा, या निष्कर्षाकडे झुकला.

ॲनचा याला विरोध होता. त्याने पंथ बदलला तरी आपण बदलणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. ज्या मंडळाने त्यांना पाठवले, त्याच्याशी हा विश्वासघात ठरला असता. पैशाची मदत थांबली असती, सोबती दुरावले असते. पण ती केवळ विरोध करून थांबली नाही. कलकत्त्यात तिने स्वतः ग्रंथ वाचले, दोन्ही बाजू तपासल्या आणि अखेर तीही त्याच निष्कर्षाला आली. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात दोघांनी बॅप्टिस्ट पंथाचा बाप्तिस्मा घेतला. ज्या श्रद्धेपायी घर सोडले, तिचे रूप सात महिन्यांत पालटले होते आणि परक्या देशात हे जोडपे निराधार झाले होते.

त्यातच ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. शिवाय १८१२ च्या जूनमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. या अमेरिकनांना इंग्लंडला धाडण्याचा हुकूम निघाला, तेव्हा जडसन दांपत्य मॉरिशसकडे जाणाऱ्या जहाजावर चढले. तेथे पोहोचताच समजले की, आधी पुढे गेलेल्या हॅरिएटने समुद्रावर एका मुलीला जन्म दिला, ती काही दिवसांतच दगावली आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली. तिला नुकतेच १९ वे वर्ष पूर्ण झाले होते.

या तुकडीच्या वाटा येथे फुटल्या. दुसऱ्या जहाजाने आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. पत्नीवियोग सोसलेला सॅम्युअल न्यूएल पुढे त्यांना येऊन मिळाला. महाराष्ट्रात शाळा आणि मुद्रणाचे मोठे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा पाया त्यांनी घातला. न्यूएल १८२१ मध्ये, तर हॉल १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावर असताना पटकीने मरण पावला. सेरामपूरच्या केरी यांनी तर त्याआधीच, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला होता.

जडसन दांपत्याने मद्रास गाठले. इंग्लंडला रवानगी होण्याची भीती डोक्यावर होती आणि लगेच निघणारे जहाज होते ते ब्रह्मदेशातील रंगूनचे. त्या प्रवासात ॲनचे पहिले मूल मृत जन्मले. १३ जुलै १८१३ रोजी दोघे रंगूनला उतरले. लग्नाला सतरा महिने झाले होते.

घर चालवण्यासाठी बाजारहाट आणि नोकरचाकरांशी रोजचे बोलणे ॲनकडेच असल्याने बोली ब्रह्मी तिने पतीपेक्षा लवकर आत्मसात केली. रंगूनच्या सुभेदाराच्या पत्नीशी तिने स्नेह जोडला. ती स्त्रियांच्या बैठका घेई. सयामी भाषाही शिकली आणि त्या भाषेत धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी तिने तयार केली. १८१५ मध्ये झालेला मुलगा आठ महिन्यांचा होण्याच्या आत गेला. पहिला ब्रह्मी माणूस ख्रिस्ती झाला तो १८१९ मध्ये, सहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर. यकृताच्या विकारामुळे १८२२ मध्ये ॲनला एकटीने अमेरिकेला जावे लागले. आप्तांची अनपेक्षित भेट झाली, मिशनच्या इतिहासावरील तिचे पुस्तक १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेच राहणे सहज शक्य असताना ती त्याच वर्षाअखेर परतली.

पुढे जे घडले त्यामुळे ॲनचे नाव घरोघरी पोहोचले. १८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यात युद्ध सुरू झाले. जडसन तेव्हा राजधानी आवा येथे होते. त्यांचे पैसे इंग्रज व्यापाऱ्यामार्फत येत, त्यामुळे दरबाराला ते हेर वाटले. ८ जून १८२४ रोजी ॲडोनिरामला बेड्या घालून तुरुंगात टाकण्यात आले. रात्री कैद्यांचे पाय बांबूला अडकवून वर ओढले जात. गर्भवती ॲन अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिली. कोणाला भेटवस्तू दे, कोणाची मनधरणी कर, असे करीत तिने पतीला अन्न पोहोचवले. बायबलच्या ब्रह्मी भाषांतराचे हस्तलिखित तिने आधी जमिनीत पुरले. पावसात ते कुजेल म्हणून एका ओबडधोबड उशीत शिवून पतीकडे दिले. कोणाला मोह पडू नये इतकी ती उशी कडक होती.

जानेवारी १८२५ मध्ये मारिया जन्मली. मे महिन्यात कैद्यांना अनवाणी औंगबिनले या खेड्याकडे हाकलत नेले, तेव्हा तान्ही मुलगी घेऊन ॲन नावेतून आणि बैलगाडीतून मागोमाग गेली. तेथे तिने अंथरूण धरले, दूध आटले. ॲडोनिराम पहारेकऱ्यांना लाच देऊन बाहेर पडे आणि साखळ्या घातलेल्या पायांनी मुलीला घेऊन खेड्यात दारोदार फिरे. घरात तान्हे मूल असलेल्या ब्रह्मी बायांनी त्या परक्या कैद्याच्या मुलीला अंगावर पाजले.

वाटाघाटींसाठी दुभाषा हवा म्हणून ॲडोनिरामला सोडण्यात आले आणि २४ फेब्रुवारी १८२६ रोजी यांदाबोचा तह झाला. पण ॲनचे शरीर पार झिजले होते. पती पुन्हा दुभाषा म्हणून आवाकडे गेला असता २४ ऑक्टोबर १८२६ रोजी अमहर्स्ट, म्हणजे आताचे क्यायिक्कामी, येथे ती मरण पावली. वय होते ३६. सहा महिन्यांनी मारियाही गेली.

तुरुंगातली ती उशी कैद्यांच्या स्थलांतरात फेकून दिली गेली होती. एका ब्रह्मी शिष्याने आठवण म्हणून तिच्यातला कापसाचा गोळा उचलून नेला. कित्येक महिन्यांनी त्यात हस्तलिखित सुरक्षित सापडले. ॲडोनिरामने १८३४ मध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर पुरे केले आणि ब्रह्मी ख्रिस्ती आजही ते वाचतात.

ज्या देशाला आपल्या श्रद्धेचा प्रकाश द्यायचा म्हणून ॲन निघाली, त्या देशाला स्वतःचा प्राचीन धर्म होता आणि त्याच्याकडे तिने सदैव अज्ञान म्हणूनच पाहिले. तरीही तिच्या मुलीचा जीव तगला तो बुद्धाला वंदन करणाऱ्या खेडुत मातांच्या दुधावर आणि तिने जपलेले हस्तलिखित वाचले ते एका ब्रह्मी माणसाच्या मायेने. सेलमहून निघताना आपण फक्त देण्यासाठी जात आहोत, असे त्या नववधूला वाटले असेल. चौदा वर्षांच्या त्या प्रवासात तिच्या पदरात पडलेले दानही काही लहान नव्हते.