डिझेल पिकअप की पेट्रोल? वाचा इंजिनाच्या जनकाची गोष्ट

पिकअप घेताना पडणाऱ्या या प्रश्नाचे मूळ रुडॉल्फ डिझेल यांच्या खटाटोपात आहे. 1858 मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या या जर्मन अभियंत्याला वाफेच्या इंजिनात वाया जाणारी उष्णता खटकत होती. त्यांनी ठिणगीची गरजच संपवली: हवा इतकी दाबायची की तापून तिच्यात इंधन आपोआप पेटावे. 1897 मध्ये त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे 26 टक्के ऊर्जा कामी लावली. मात्र एवढा दाब पेलायला इंजिन दणकट, म्हणजेच जड आणि महाग लागते. रोज ओझे आणि लांब पल्ला असेल, तरच डिझेलचे जादा पैसे वसूल होतात.

खुद्द डिझेल मात्र कर्जात बुडाले. 1913 मध्ये इंग्लंडला जाताना ते जहाजावरून बेपत्ता झाले. पुढे समुद्रात मृतदेह सापडला. त्यांचे इंजिन ट्रकमध्ये बसले, ते 1920 च्या दशकात.