वत्सगुल्माचे राजे उजेडात आणणारे मिराशी

वाशीम : वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वत्स ऋषींची कथा आणि पद्मतीर्थाची महती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मात्र या नगरीतून वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, हे सप्रमाण सिद्ध होण्यास १९३९ साल उजाडावे लागले. या शाखेच्या इतिहासाशी महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

मिराशी यांचा जन्म १८९३ मध्ये कोकणातील कुवळे या गावी झाला. संस्कृतचे अध्यापक म्हणून १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात आले आणि विदर्भाचेच झाले. मध्यप्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची यादी रायबहादूर हिरालाल यांनी आधीच सिद्ध केली होती. त्या लेखांचे वाचन हेच पुढे मिराशींचे जीवितकार्य ठरले.

वाशीम येथे १९३९ मध्ये चार ताम्रपट मिळाले. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र होते. त्यातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी हे ताम्रपट प्रथम अभ्यासकांपुढे मांडले. त्यात प्रवरसेनाचा पुत्र म्हणून सर्वसेनाचे नाव आले आणि जुने कोडे सुटले. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील झिजलेल्या लेखात हेच नाव पूर्वीच्या विद्वानांनी चुकीचे लावले होते. त्यामुळे ही शाखा दृष्टीआड राहिली होती. मिराशींनी तो लेख नव्याने वाचला व १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वसेनापासून हरिषेणापर्यंतची राजमालिका त्यामुळे सुसंगत झाली. अजिंठ्याचे ते लेणे कोरविणारा वराहदेव हा याच हरिषेणाचा मंत्री होता.

मिराशींची पद्धत कष्टाची होती. लेखाचा ठसा बारकाईने तपासावा, संशयित अक्षर पुन्हा पाहावे, दानपत्रातील गावे व नद्या आजच्या नकाशावर शोधाव्यात आणि मगच निष्कर्ष काढावा, असा त्यांचा शिरस्ता. वाशीमच्या ताम्रपटातील नांदीकड म्हणजे आजचे नांदेड होय. एका स्थलनामावरून राज्याचा विस्तार कसा उलगडतो, याचे हे बोलके उदाहरण. संस्कृत साहित्याचा व्यासंगही त्यांच्या मदतीस होता. राजशेखराने विदर्भातील वत्सगुल्म नगराचा उल्लेख केला आहे. साहित्यातील ही नोंद आणि ताम्रपटाची साक्ष एकमेकींना बळ देतात.

विदर्भ संशोधन मंडळाच्या माध्यमातून त्यांनी प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासाला बळ दिले. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा इंग्रजी महाग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच या राजवंशावर मराठीत ग्रंथ लिहून त्यांनी हे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत आणले होते. १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

ते चार पत्रे तांब्याच्या मोलाने मोडीत गेले असते, तर वाशीमचा राजवंश अजिंठ्याच्या झिजलेल्या अक्षरांतच दडून राहिला असता. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाला. या जिल्ह्यातील वाडे, मंदिरे व शेतशिवारांत आजही जुने दगड आणि कागद आढळू शकतात. असे काही हाती आल्यास ते विकू अथवा वितळवू नये, जाणकारांना दाखवावे. मिराशींना याहून उचित आदरांजली कोणती?