डार्विनचे गुरु : प्राध्यापक हेन्स्लो

चार्ल्स डार्विन यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांस सृष्टीकडे पाहावयास शिकविणारे जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांचें चरित्र फारसें कोणी वाचीत नाहीं.

हेन्स्लो यांचा जन्म इंग्लंडांत रॉचेस्टर येथें ६ फेब्रुवारी १७९६ रोजीं झाला. १८२५ सालीं ते केंब्रिज विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते. केवळ व्याख्यान देऊन त्यांचें समाधान होत नसे. ते विद्यार्थ्यांच्या हातीं फूल देऊन तें उकलून पाहावयास लावीत. त्यांस घेऊन रानांत व पाणथळ प्रदेशांत जात आणि कोणती वनस्पति कोठें वाढते, हें दाखवीत. एकाच जातीचे अनेक नमुने ते एका कागदावर चिकटवीत. त्यामुळें एका जातींतही किती फरक असतो, हें सहज ध्यानांत येई. सजीव व त्यांचा परिसर यांच्या संबंधाच्या शास्त्रास तोंपर्यंत नांवही नव्हतें. तें १८६६ सालीं मिळालें.

१८२८ सालीं केंब्रिजला आलेले डार्विन लवकरच त्यांचे नित्याचे सोबती झाले. १८३१ सालीं 'बीगल' जहाजावर निसर्गाभ्यासक हवा होता. हेन्स्लो यांस स्वतःस जाण्याचा मोह झाला. परंतु पत्नीचा खिन्न चेहरा पाहून त्यांनीं तो आवरला आणि बावीस वर्षांच्या शिष्याचें नांव सुचविलें. पुढें सुमारें पांच वर्षें डार्विन यांनीं दूरदेशांहून पाठविलेले नमुने त्यांनीं जिवापाड सांभाळले. १८३५ सालीं शिष्याच्या पत्रांतील उतारे त्यांनीं छापविले. त्यामुळें डार्विन परतण्यापूर्वींच विद्वानांत त्यांचें नांव झालें.

१८५९ सालीं डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्व मतें हेन्स्लो यांस पटलीं नाहींत. तथापि १८६० सालीं ऑक्सफर्ड येथें ज्या सभेंत त्या ग्रंथावर प्रसिद्ध वाद झाला, तिचें अध्यक्षस्थान त्यांनीं भूषविलें आणि शिष्यावरील प्रेम तिळभरही उणें होऊं दिलें नाहीं.

उत्तर आयुष्यांत हिचम या खेडेगांवीं धर्मोपदेशक असतां त्यांनीं तेथील शाळेंतील गरीब मुलांसही वनस्पतिशास्त्र शिकविलें. १६ मे १८६१ रोजीं ते तेथेंच निवर्तले.

बालमित्रहो, आपलीं मतें शिष्यानें मानावीं, असा आग्रह त्यांनीं धरिला नाहीं. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्याची शक्ति मात्र त्यास दिली. खऱ्या गुरूचें दान तें हेंच.