चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, १८७६ - नोव्हेंबर, १९५८) हे अमेरिकन विद्युत अभियंता, संशोधक आणि उद्योजक होते. मोटारगाडीचा विद्युत स्टार्टर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती होय. जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचे ते १९२० ते १९४७ या काळात प्रमुख होते. शिसेयुक्त पेट्रोल आणि फ्रिऑन हे प्रशीतक यांचा शोध त्यांच्या मार्गदर्शनाखाली लागला. त्यांच्या नावावर १८६ एकस्वे (पेटंट) होती.

प्रारंभिक जीवन

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. अधू दृष्टी आणि त्यामुळे होणारी डोकेदुखी यांचा त्यांना लहानपणापासून त्रास होता. काही काळ शिक्षकाची नोकरी केल्यावर त्यांनी ओहायो राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु डोळ्यांच्या विकारामुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. या काळात त्यांनी दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. पुढे विद्यापीठात परतून १९०४ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९०५ मध्ये त्यांचा विवाह ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी झाला. त्यांना यूजीन हा एक मुलगा होता.

विद्युत स्टार्टर

पदवीनंतर ते डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांनी विजेवर चालणारे रोकड नोंदयंत्र तयार केले. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी डेल्को या कंपनीची स्थापना केली. डीड्स यांच्या घरामागील कोठारात काम करून त्यांनी कॅडिलॅक मोटारींसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन यंत्रणा विकसित केली.

त्या काळी इंजिन हाताने हँडल फिरवून सुरू करावे लागे. हँडल उलट फिरल्यास मनगट किंवा हात मोडत असे. इंजिन फिरवण्यास पुरेशी शक्तिशाली मोटर गाडीत बसवण्याइतकी लहान होऊ शकणार नाही, असे अनेक अभियंत्यांचे मत होते. नोंदयंत्राच्या मोटरीला काही क्षणच जोर लावावा लागतो, हा अनुभव केटरिंग यांच्या उपयोगी पडला. लहान मोटरीवर थोड्या वेळापुरता क्षमतेहून अधिक भार टाकला तरी ती जळत नाही, हे तत्त्व त्यांनी वापरले. इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटर जनित्राचे काम करून बॅटरी पुन्हा भारित करी. स्टार्टर, प्रज्वलन आणि दिवे यांची ही एकत्रित यंत्रणा १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसवण्यात आली.

इंजिनातील ठोके आणि शिसेयुक्त पेट्रोल

नव्या गाड्यांच्या इंजिनात ठोके (नॉकिंग) ऐकू येऊ लागले, तेव्हा दोष केटरिंग यांच्या विद्युत प्रज्वलनाला देण्यात आला. त्यांनी थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे तपास सोपवला. सिलिंडरमधील दाबाच्या नोंदींवरून ठोका ठिणगी पडल्यानंतर उद्भवतो आणि त्याचे मूळ इंधनात आहे, असे स्पष्ट झाले. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे संयुग ठोके थांबवते, असे आढळले. या संयुगाच्या विक्रीसाठी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एथिल कॉर्पोरेशनचे केटरिंग पहिले अध्यक्ष होते. त्याच वर्षी न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. काही काळ थांबलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

फ्रिऑन

तत्कालीन शीतकपाटांमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड हे विषारी प्रशीतक वापरले जात व त्यांची गळती जीवघेणी ठरे. केटरिंग यांच्या सूचनेवरून मिजली आणि सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये बिनविषारी व न पेटणारा क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातील प्रशीतक शोधला. मोटारींच्या वातानुकूलनातही पुढे अनेक दशके हाच आर-१२ प्रशीतक वापरला गेला.

उत्तरायुष्य आणि वारसा

१९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह केटरिंग यांनी न्यू यॉर्क येथे कर्करोग संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्था स्थापन केली. डेटन येथे त्यांचे निधन झाले. ओहायोतील केटरिंग शहर आणि मिशिगनमधील केटरिंग विद्यापीठ यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेत त्यांच्या कार्याचे दोन प्रवाह एकत्र येतात: बॅटरी-जनित्राचे विद्युत मंडल आणि प्रशीतक. काँप्रेसरचा विद्युतचुंबकीय क्लच बॅटरीच्या मंडलावर चालतो; तो जोडला जात नसल्यास फ्यूज, रिले आणि क्लचची वेटोळी तपासली जाते. मात्र प्रशीतक कमी झाल्यास दाबाचा स्विचही हे मंडल तोडतो. त्यामुळे वरकरणी विजेचा वाटणारा दोष प्रत्यक्षात वायुगळतीचा असू शकतो.

क्लोरोफ्लुओरोकार्बनमुळे ओझोन थराची हानी होते, हे १९७४ मध्ये, केटरिंग यांच्या मृत्यूनंतर पुढे आले. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये या वायूंवर निर्बंध आले व मोटारींत आर-१३४ए चा वापर सुरू झाला. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. मोटारींसाठीचा त्याचा वापर जगभरातून २०२१ मध्ये संपुष्टात आला. स्टार्टर मात्र आजही इंजिनावर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत असतो.