आपल्या वाशीमचे राजे शोधून देणारे म. म. मिराशी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एकेकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे भराभर वाटली गेली. माझी पाळी आली तेव्हा मी म. म. डॉ. वासुदेव विष्णु मिराशी यांचे नाव सांगितले. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. पद्मभूषण मिळालेला हा मोठा माणूस. पण स्वयंपाकघरापर्यंत त्याचे नाव पोचलेले नाही, त्यात त्या भगिनींचा दोष नाही. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते ठाऊक नव्हते. मी सातवीपर्यंत शिकलेली. इतिहासाचा आणि माझा संबंध चौथीतल्या शिवाजी महाराजांपाशीच थांबलेला होता.

आमची सहल अजिंठ्याला गेली होती, ती पुष्कळजणींना आठवत असेल. सोळाव्या लेण्यापाशी बाकीच्या बायका सावलीत डबे सोडून बसल्या आणि मी वाटाड्याजवळ उभी राहिले. बाहेरच्या भिंतीवर झिजलेली अक्षरे होती. हे लेणे वराहदेव नावाच्या प्रधानाने कोरविले, त्याचा राजा हरिषेण, आणि त्या राजाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, असे तो म्हणाला. माझा विश्वासच बसेना. वाशीमला आपण बालाजीच्या दर्शनाला जातो, कचेरीच्या कामाला जातो, लग्नाचा बस्ता घ्यावयास जातो. तेथे अजिंठ्याचे धनी राहत होते हे मेडशीत मला कधी कुणी सांगितले नव्हते. परत आल्यावर मिराशींचे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हे १९५७ सालचे पुस्तक खटपट करून मिळविले. पुस्तक कठीण आहे. एकेक पान मी दोनदोनदा वाचले, काही पाने सोडूनही दिली. पण जे समजले ते सांगते.

मिराशी मूळचे कोकणातले. देवगडकडच्या कुवळे गावी १८९३ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण कोल्हापूर आणि पुणे येथे. संस्कृत घेऊन एम. ए. झाल्यावर १९१९ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते प्राध्यापक म्हणून आले आणि मग विदर्भाचेच झाले. पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले, त्यानंतर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचेही झाले. १९३४ साली त्यांनी कालिदासावर मराठीत ग्रंथ लिहिला. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपला रामटेक, असे त्यांचे मत होते. सगळे विद्वान ते मानत नाहीत, पण त्यांनी ते शेवटपर्यंत सोडले नाही. १९४१ साली सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली. नोकरीची हकीकत एवढी पुरे. त्यांचे खरे काम जुने ताम्रपट आणि शिलालेख वाचण्याचे होते.

ताम्रपट म्हणजे काय, हे मलाही नीट ठाऊक नव्हते. राजा एखाद्या ब्राह्मणाला गाव दान देई, तेव्हा त्याची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. पत्र्यांना भोक पाडून ते कडीत ओवीत आणि कडीला राजाची मुद्रा लावीत. आपल्या सातबाऱ्यासारखाच तो पुरावा. कागद कुजतो, तांबे टिकते. त्यात गावाचे नाव, चतुःसीमा, दान घेणाऱ्याचे गोत्र, राजाच्या राज्याचे कितवे वर्ष, असे सगळे असते. राजाच्या बापाआजाची नावेही असतात, आणि इतिहासकाराला त्यांचाच उपयोग. पण तांब्याला भाव असतो. नांगराला किंवा घराच्या पायात असा पत्रा लागला की पुष्कळदा तो मोडीत जातो. किती राजे असे वितळून त्यांच्या हंडे-घागरी झाल्या असतील कुणास ठाऊक.

वाशीमला १९३९ साली असे चार पत्रे उजेडात आले. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे आणि महाजन या दोघांनी ते प्रथम वाचून प्रसिद्ध केले; त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ते दान विंध्यशक्ती नावाच्या राजाने वत्सगुल्माहून, आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेले होते. सुरुवातीची राजवंशाची हकीकत संस्कृतात आहे, आणि पुढे गाव कुणाला दिले, कोणते कर माफ केले हा कामाचा मजकूर प्राकृतात आहे. मला हे फार आवडले. मानपान संस्कृतात, व्यवहार बोलण्याच्या भाषेत.

मिराशींनी त्या पत्र्यांवर पुन्हा काम केले. त्यातून जे निघाले, ते मी आपल्या रीतीने सांगते. वाकाटकांचा पहिला मोठा राजा प्रवरसेन. त्याच्या मागे मुलांच्या वाटण्या झाल्या. एक घर नागपूर-रामटेककडे नांदले, दुसरे वाशीमला. पण अजिंठ्याचा लेख झिजलेला. आधीच्या मोठमोठ्या पंडितांनी त्यात प्रवरसेनानंतरचे नाव रुद्रसेन असे वाचले होते. रुद्रसेन हा नागपूरकडच्या घरातला. त्यामुळे दोन्ही घरांची माणसे एकाच चुलीवर जेवावयास बसविल्यासारखी झाली. नागपूरकडच्या ताम्रपटांतली नावे आणि अजिंठ्यातली नावे जुळेनात, आणि वाशीमचे निराळे घराणे कुणाच्या ध्यानातच येईना. वाशीमच्या पत्र्यांत मात्र प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती, असे स्वच्छ कोरलेले होते. मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला. तेथेही ते नाव रुद्रसेन नसून सर्वसेनच आहे असे त्यांनी दाखविले, आणि १९४१ साली तो लेख सुधारून प्रसिद्ध केला. एका नावाच्या दुरुस्तीने सर्वसेनापासून हरिषेणापर्यंतची सारी परंपरा वाशीमला परत मिळाली. हा सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवीही होता. प्राकृतात त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले होते. ते काव्य आज मिळत नाही, पण जुन्या पंडितांनी त्याची वाखाणणी केलेली आहे.

एवढे सगळे एका अक्षरावरून कसे म्हणता येते, अशी शंका मला आली होती. पण घरातल्या शिधापत्रिकेवर नाव चुकले तर काय होते ते आपण सगळ्याजणी जाणतो. मिराशींनी एकाच पुराव्यावर भिस्त ठेवलेली नाही. अक्षरांची वळणे, पिढ्यांची गणती, इतर घराण्यांच्या सनदा, संस्कृत ग्रंथांतले उल्लेख, सारे ताडून पाहिले आहे. पुढे वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा गावी देवसेन राजाच्या वेळचा शिलालेख मिळाला. त्यात शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८, असा काळ दिलेला आहे आणि सुदर्शन नावाच्या तळ्याचा उल्लेख आहे. तळे बांधल्याची नोंद दगडावर व्हावी, हे आपल्या पाणीटंचाईच्या मुलखात मला राजांच्या लढायांपेक्षा मोठे वाटते.

नागपूरकडच्या घरातली एक बाई तर आपण सर्वांनी लक्षात ठेवावी. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. ती सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि रुद्रसेनाची, त्या नावाच्या दुसऱ्या राजाची, राणी. नवरा लवकर गेला, मुले लहान होती. तिने स्वतः राज्य चालविले आणि स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले. त्यांपैकी एक महानुभावांच्या रिद्धपुरात मिळाला. सनदेत तिने माहेरच्या घराण्याची नावे मोठ्या अभिमानाने दिली आहेत आणि गोत्रही माहेरचेच सांगितले आहे. आपल्याकडे लग्नाबरोबर नावही बदलते. आमच्या घरी तर माझे जुने नाव आता मुलांनाही सांगावे लागते. म्हणून त्या पानावर मी बराच वेळ थांबले. या सनदाही मिराशींनी भाषांतर आणि टिपांसह संपादित केल्या.

वाकाटकांचे सर्व लेख एकत्र करून त्यांनी मोठा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, तो १९६३ साली निघाला. त्याआधी १९५५ साली कलचुरींच्या लेखांचा निघाला होता. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांचा ग्रंथ १९७७ साली आला; तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी आपल्या जन्मभूमीकडचे पुसट दगड वाचीत बसलेला हा म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८५ साली ते गेले.

आता माझी गोष्ट, जिच्यासाठी मी हे नाव निवडले. आमच्या सासूबाईंच्या पाठीमागे माळ्यावर एक बासन होते. लाल फडक्यात बांधलेले, मोडीतले कागद. सासूबाई दर दिवाळीला ते झटकून परत ठेवीत. त्या गेल्यावर मी घराला रंग काढला तेव्हा, कुणाला वाचता येत नाही, उगाच कसर लागते, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याला घातले. किती पैसे आले तेही आठवत नाही. अजिंठ्याहून परत आल्यावर ताम्रपट मोडीत जातात हे वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. नवऱ्याला सांगितले तर ते म्हणाले की त्यात काय राजाची सनद होती थोडीच. नसेलही. पण नव्हती हे आता कोण सांगणार?

मागच्या आषाढात मी पत्र्याची जुनी पेटी रिकामी केली. तळाला सासूबाईंनी अंथरलेला एक मोडी कागद निघाला, कडा खाल्लेला. मी तो वाशीमला मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे नेला. त्यांनी भिंग लावून वाचले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीची नोंद आहे. कोणत्या दिवशी कुणी मोट धरावी याची. त्यात चार पुरुषांची नावे आहेत आणि एका बाईचे. पुरुषांपैकी दोन नावे आमच्या घरात ठाऊक आहेत. बाईचे नाव कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याच्या आत्याबाई नव्वदीच्या आहेत, त्यांनाही नाही. मंडळातल्या ज्या भगिनींच्या घरी अशी बासने असतील त्यांनी ती रंगकामाच्या आधी मला दाखवावी. आतापर्यंत दोघींकडून निरोप आला आहे.