युजीन हूड्री: गाडीतल्या ‘कॅट’मागचा रेसिंगवेडा इंजिनिअर

टर्बो गाडी घेतली की बऱ्याच जणांचा पहिला मॉड ठरलेला असतो: कंपनीचा डाउनपाइप काढून कॅट नसलेला बसवायचा. टर्बोमागचा अडथळा कमी होतो, बूस्ट लवकर मिळतो. पण हा कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्यांनी आणला तेही वेगाचेच वेडे होते!

युजीन हूड्री यांचा जन्म १८९२ चा, पॅरिसजवळच्या दोमाँचा. मेकॅनिकल इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात लढताना जखमी झाले. रेसिंगच्या नादातून चांगल्या पेट्रोलचा ध्यास लागला. १९३० मध्ये ते अमेरिकेत गेले. १९३७ मध्ये सन ऑइलच्या रिफायनरीत त्यांचा कॅटॅलिटिक क्रॅकिंग प्लांट सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात याच तंत्राने विमानांना हाय-ऑक्टेन इंधन पुरवलं.

पुढे लॉस एंजेलिसच्या स्मॉगने ते अस्वस्थ झाले. मग त्यांनी धूर साफ करणारा कन्व्हर्टर बनवला. उत्प्रेरकावर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधनही जळून जातं. १९५६ मध्ये पेटंट मिळालं, पण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं उत्प्रेरक निकामी करायचं. १९६२ मध्ये हूड्री गेले. अमेरिकी गाड्यांत कॅट सर्रास आला १९७५ च्या मॉडेल्सपासून. मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांत १९९५ मध्ये.

त्यामुळे कॅट काढला, की नियम तर मोडतोच, शिवाय मागच्या गाडीवाल्याला विषारी वायू थेट मिळतो. पॉवर हवीच असेल तर कॅट ठेवून बाकीचा एक्झॉस्ट बदला, आणि तोही नियमात बसतो का ते आधी बघा.